कुंपणाच्या टोकाशी ठेवलेले खोके

आमच्या वसाहतीत पार्किंग, ड्राइव्हवे (म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंत गाडी आणण्याची वाट) आणि अंगणाची निगा यांविषयीचे नियम नव्याने लिहायचे ठरले, तेव्हा त्या कामासाठी नेमलेल्या पाच जणांमध्ये मीही होते. पहिल्याच बैठकीत जो जुना मसुदा आमच्यापुढे आला, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनाईचा होता. अमुक ठिकाणी गाडी लावू नये, कुंपण वाढवू नये, अंगणात सामान साठवू नये, गवत माजू देऊ नये. हे सगळे कशासाठी, याचा उल्लेख एकाही कलमात नव्हता. पुढचे काही महिने आम्ही वाचले, मोजले आणि भरपूर वादही घातले, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले. घरापुढच्या जागेविषयीचा नियम नेमके कशाचे रक्षण करतो हे त्या कलमातच लिहिलेले असावे, आणि ज्याने तो पाळायचा त्याला स्वतःच्या फाटकात उभे राहून ते पडताळून पाहता यावे. ज्या नियमाला ही कसोटी लावता येत नाही, तो बहुधा कोणाच्या तरी आवडीनिवडीचा असतो.

हे मत माझ्या स्वतःच्या कुंपणापासून तयार झाले. माझ्या ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंना झुडपांचे दाट कुंपण होते, माझ्या छातीपेक्षा थोडे उंच आणि थेट पदपथाला भिडलेले. ते मी सात-आठ वर्षे जपून वाढवले होते, आणि त्यामुळे घराला मिळालेला आडोसा मला हवाहवासा वाटत होता. समितीतल्या एका काकांनी ड्राइव्हवेच्या तोंडाशी कुंपणाची उंची एक मीटरच्या आत ठेवावी असे सुचवले, तेव्हा सर्वांत जास्त विरोध मीच केला. त्यांनी वाद न घालता रविवारी सकाळी घरी येण्याची परवानगी मागितली. येताना त्यांनी एक पुठ्ठ्याचे खोके आणले. ते उभे केले की जेमतेम एक मीटर उंच भरत होते, म्हणजे छोट्या सायकलवर बसलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलाएवढे. कुंपणाच्या टोकापलीकडे, पदपथाच्या मधोमध त्यांनी ते ठेवले आणि मला गाडी नेहमीसारखी मागे घ्यायला सांगितले. मी मान वळवून, आरसे पाहत, अगदी सावकाश गाडी मागे घेतली. खोके मला दिसले तेव्हा गाडीचा मागचा बंपर अर्धा पदपथ ओलांडून गेला होता. मग गाडी उलटी लावून पुढच्या बाजूने बाहेर काढून पाहिली, तरी फार फरक पडला नाही, कारण चालकाचे डोळे पुढच्या बंपरच्या साधारण दोन मीटर मागे असतात आणि तेवढे अंतर गाडीचे नाक आंधळेपणानेच पुढे सरकत असते. दोन्ही वेळा मी पानांकडे पाहत होते आणि खोके पानांच्या पलीकडे होते.

नंतर वाचताना कळले की ब्रिटनमध्ये रस्त्यांची आखणी करताना गाडीत बसलेल्या चालकाचे डोळे जमिनीपासून १.०५ मीटर उंचीवर असू शकतात असे धरून दृष्टिरेषा मोजतात, आणि इंग्लंडमध्ये वाहनांच्या रस्त्यालगत एक मीटरपेक्षा उंच बांधीव कुंपण किंवा भिंत घालायची असेल तर नियोजन खात्याची परवानगी लागते. रस्त्यापासून दूर असलेल्या कुंपणाला मात्र दोन मीटरपर्यंत मोकळीक आहे. हा एक मीटरचा आकडा मी आधी वाचला असता तर मला तो जाच वाटला असता. खोके पाहिल्यावर मला त्याचे प्रयोजन कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. आमच्या कलमात आम्ही आता एवढेच लिहिले आहे की ड्राइव्हवेच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना दोन मीटरपर्यंत आणि आत दोन मीटरपर्यंत कोणतीही आडकाठी गुडघ्याच्या वर नसावी, म्हणजे बाहेर पडणाऱ्या चालकाला पदपथावरचे लहान मूल दिसेल. बाकीचे कुंपण कोणी किती उंच वाढवावे, याविषयी आम्ही काहीही म्हटलेले नाही.

पदपथाचा प्रश्न याला लागूनच येतो. आमच्याकडच्या जुन्या घरांचे ड्राइव्हवे चार मीटर खोल आहेत आणि आजच्या मध्यम आकाराच्या गाडीची लांबी साडेचार मीटरच्या आसपास असते. उरलेला अर्धा मीटर पदपथावर येतो. घरमालकाच्या दृष्टीने गाडी त्याच्याच जागेत असते, थोडीशी बाहेर आली एवढेच. पण ज्यांना वॉकर घेऊन चालावे लागते त्या आमच्या समोरच्या आजींना त्या थोड्याशा जागेसाठी पदपथाच्या कडेवरून खाली रस्त्यावर उतरावे लागते, गाडीला वळसा घालावा लागतो आणि पुन्हा कड चढावी लागते. एका गल्लीत मी त्यांच्यासोबत चालले, तेव्हा त्यांना असे तीनदा करावे लागले. पदपथ शक्यतो दोन मीटर रुंद असावा आणि किमान दीड मीटर मोकळा असावा, अशी ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना आहे. दीड मीटर कशासाठी, तर चाकाच्या खुर्चीवरची व्यक्ती आणि तिच्या शेजारून जाणारी दुसरी व्यक्ती यांना एकमेकांना अडथळा न करता जाता यावे म्हणून. लंडनमध्ये पदपथावर गाडी लावण्यास १९७४ च्या कायद्याने बंदी आहे. स्कॉटलंडने तशी बंदी २०१९ च्या कायद्यात आणली आणि तिची अंमलबजावणी करण्याचे अधिकार तेथील स्थानिक संस्थांना डिसेंबर २०२३ पासून मिळाले. या दोन तारखांमधले अंतर पाहिले की पायी चालणाऱ्यांचा विचार कायद्यात किती उशिरा येतो हे लक्षात येते आणि त्याचे वाईट वाटते.

ड्राइव्हवेसमोर, जिथे पदपथाची कड उतरती केलेली असते, तिथे कोणी गाडी लावावी हा वाद तर प्रत्येक वसाहतीत आहे. याबाबत इंग्लंडमधील २००४ च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्यातली एक तरतूद मला फार समंजस वाटते. अशा उतरत्या कडेशी गाडी उभी करणे तिथे नियमभंग ठरते, परंतु ते एकाच घराचे प्रवेशद्वार असेल आणि त्या घरात राहणाऱ्याची संमती असेल तर नाही. दोन घरांचा ड्राइव्हवे सामाईक असेल तर मात्र ही सवलत लागू होत नाही, कारण तिथे एकाची संमती दुसऱ्याला कोंडून ठेवू शकते. ज्याची वाट अडते त्याचे म्हणणे महत्त्वाचे, हे तत्त्व एवढ्या नेमकेपणाने कलमात उतरलेले पाहून मला समाधान वाटले, आणि आम्ही ते आमच्या मसुद्यात जवळजवळ तसेच घेतले.

रस्त्यावरच्या पार्किंगची बाब याहून अवघड आहे. आपल्या घरासमोरचा रस्त्याचा तुकडा आपलाच आहे अशी भावना बहुतेकांच्या मनात असते आणि ती इतकी खोल रुजलेली असते की तिथे दुसऱ्याची गाडी दिसली की चांगली माणसेही कुंड्या, दगड किंवा जुन्या खुर्च्या ठेवून जागा अडवू लागतात. कायद्याने हा तुकडा सार्वजनिक असतो. तरीही बाहेरून कामाला येणाऱ्यांच्या गाड्यांनी निवासी गल्ल्या दिवसभर भरून राहत असतील तर रहिवाशांना काही प्राधान्य देता येते का, हा प्रश्न अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन काउंटीने रहिवासी आणि त्यांच्याकडे येणारे पाहुणे वगैरे यांच्यापुरते परवाने ठेवले होते. न्यायालयाने १९७७ मध्ये ते वैध ठरवले, आणि गर्दी, आवाज व धूर कमी करून निवासी भागातील जीवनमान राखणे हा त्यामागचा उद्देश योग्य मानला. उद्देश स्पष्ट होता म्हणून नियम टिकला, असे मी या निकालाकडे पाहते. मात्र परवाना घेतला म्हणजे जागा मिळाली असे होत नाही. जागा शंभर आणि परवाने दीडशे असतील, तर पन्नास जणांच्या हाती नुसता कागद राहतो. म्हणून परवाने किती द्यायचे याची मर्यादा त्याच कलमात असली पाहिजे, या मुद्द्यावर मी समितीत शेवटपर्यंत अडून राहिले.

गाडी ठेवण्याच्या जागेची जबाबदारी कोणावर टाकायची, यावर जगात दोन अगदी वेगळे मार्ग निघालेले दिसतात आणि त्यांची तुलना मला सर्वांत उद्‌बोधक वाटली. जपानने १९६२ मध्ये कायदा करून ती गाडी घेणाऱ्यावर टाकली. गाडीची नोंदणी करायची असेल तर रस्ता सोडून अन्यत्र, राहत्या ठिकाणापासून दोन किलोमीटरच्या आत, ती ठेवण्याची जागा आपल्याकडे आहे असे प्रमाणपत्र पोलीस ठाण्यातून घ्यावे लागते, आणि त्यासाठी जागेचा नकाशा द्यावा लागतो. रस्त्यावर एकाच ठिकाणी सलग बारा तासांहून अधिक, किंवा रात्री आठ तासांहून अधिक गाडी ठेवण्यासही त्या कायद्याने मनाई आहे. ‘केइ’ या जपानी वर्गातल्या छोट्या गाड्यांसाठी अटी थोड्या सौम्य आहेत. उलट अमेरिकेतील शहरांनी ही जबाबदारी घर बांधणाऱ्यावर टाकली. ओहायोतील कोलंबस शहराने १९२३ मध्ये बहुकुटुंबी इमारतींना पार्किंगची जागा ठेवणे सक्तीचे केले, आणि पुढच्या काही दशकांत ही प्रथा देशभर पसरली. प्रत्येक सदनिकेमागे इतक्या जागा, प्रत्येक दुकानामागे इतक्या, असे तक्ते तयार झाले. गाडी नसलेल्या भाडेकरूलाही त्या जागेचा खर्च भाड्यातून भरावा लागतो, हे लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातले नगरनियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर मांडले. बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान पार्किंगची ही सक्ती आपल्या संपूर्ण हद्दीत काढून टाकली. मला स्वतःला जपानची रीत अधिक न्याय्य वाटते, कारण तिथे गाडी घेण्याचा निर्णय करणारी व्यक्ती आणि तिच्या जागेची तजवीज करणारी व्यक्ती एकच असते. मात्र ती रीत घराघरांत गाड्या येण्याच्या आधी लागू झाली म्हणून पचली. आज दोन गाड्या असलेल्या घराला एकाएकी तो नियम लावणे कठीण आहे, आणि आमच्यासारख्या छोट्या वसाहतीच्या हाती तो अधिकारही नाही. आम्ही एवढेच करू शकलो की नवी गाडी रस्त्यावर कायम लावण्याचा परवाना मागणाऱ्याने आधी आपल्या आवारातली जागा दाखवावी आणि ती का पुरत नाही हे लिहून द्यावे.

पण आवारात जागा करा म्हटले की लोक अंगण सिमेंटने बुजवतात, आणि तिथून पाण्याचा प्रश्न सुरू होतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असे तीस चौरस मीटरचे अंगण काँक्रीटचे केले आणि तासाभरात वीस मिलिमीटर पाऊस झाला, तर सहाशे लिटर पाणी त्या एका घरातून रस्त्यावर येते. पूर्वी त्यातले बरेचसे मातीत मुरत असे. गल्लीत चाळीस घरे असतील आणि सगळ्यांनी असेच केले, तर तासाला चोवीस हजार लिटर पाणी ज्या गटारात जाते ते गटार या हिशोबाने बांधलेलेच नसते. आमच्या गल्लीच्या उताराला शेवटी असलेल्या घरात दोनदा पाणी शिरले, तेव्हा त्या घरातल्या ताईंनी आपली मोरी तुंबली असावी असे समजून ती दोन्ही वेळा उकरून घेतली. मोरी स्वच्छ होती. मी पुढच्या पावसात छत्री घेऊन वरच्या टोकापासून खाली चालत गेले आणि प्रत्येक फाटकातून बाहेर पडणारा ओघळ पाहिला. ज्या अंगणांत माती होती तिथून पहिली पंधरा-वीस मिनिटे काहीच बाहेर आले नाही. ज्यांत पूर्ण फरसबंदी होती तिथून पाऊस सुरू होताच तेलाचा सप्तरंगी तवंग घेऊन पाणी वाहू लागले. प्रत्येक ओघळ हाताच्या पंजाएवढाच रुंद होता, आणि ते सगळे मिळून ताईंच्या उंबऱ्याशी पोहोचत होते.

२००७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये जे मोठे पूर आले, त्यांत पावसाचे पाणी जागच्या जागी तुंबण्याचाही मोठा वाटा होता. त्यानंतर १ ऑक्टोबर २००८ पासून तिथे नियम झाला की घरापुढच्या अंगणात पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरसबंदी करायची असेल तर परवानगी घ्यावी लागेल. पाणी मुरू देणारी खडी किंवा सच्छिद्र फरशी वापरली, अथवा पाणी आपल्याच हिरवळीत किंवा वाफ्यात वळवले, तर परवानगीची गरज नाही. घरमालकाला गाडीसाठी जागा करण्यापासून हा नियम अडवत नाही, पाणी तुझ्याच हद्दीत मुरव एवढेच तो सांगतो, म्हणून तो मला आदर्श वाटतो. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने २०२० मध्ये अंगणात सगळीकडे नुसते दगडगोटे पसरण्यास मनाई केली ती मुख्यतः कीटक आणि पक्षी यांच्यासाठी. नेदरलँड्समध्ये त्याच वर्षी अॅमस्टरडॅम आणि रॉटरडॅम या शहरांत अंगणातल्या फरशा उखडून झाडे लावण्याची चुरस लागली. कोणत्या शहराने किती फरशा काढल्या याची मोजदाद होते, आणि पुढे ती स्पर्धा देशभर पोहोचली. दंडाच्या धाकापेक्षा हे मला अधिक भावले. आमच्याकडे आम्ही जुना आणि स्वस्त उपाय सुचवला. चाकांखाली येतील अशा दोनच पट्ट्या, प्रत्येकी साधारण साठ सेंटिमीटर रुंद, पक्क्या कराव्यात आणि मधली जागा गवताची किंवा खडीची ठेवावी. गाडीला याहून जास्त काही लागत नाही.

अंगणाच्या निगेबद्दलचे नियम मला सर्वांत नाजूक वाटतात, कारण तिथे उपद्रव आणि नापसंती यांतली सीमा चटकन पुसली जाते. गटारावर झुकलेले तण, साचलेल्या पाण्याची भांडी, उंदीर घुशींना आसरा देणारे लाकडांचे ढीग आणि ज्यातून तेल जमिनीत झिरपते आहे अशी वर्षानुवर्षे न हललेली गाडी हे खरे उपद्रव आहेत आणि त्यांवर कडक नियम हवेतच. गवताची उंची हे प्रकरण तसे नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ड्युनेडिन शहरात २०१८ मध्ये गवत दहा इंचांपेक्षा उंच वाढले म्हणून एका घरमालकाला दिवसाला ५०० डॉलर या दराने दंड लागत गेला आणि तो तीस हजार डॉलरच्या घरात पोहोचला, इथवर की घर जप्त करण्याची परवानगी नगराने दिली. त्याच राज्यातील कोरल गेबल्समध्ये पिकअप ट्रक रात्री घरासमोर उभा करण्यास कित्येक दशके बंदी होती. न्यायालयाने ती उचलून धरली तरी २०१२ मध्ये मतदारांनी ती सैल केली. मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये कायदा करून निवासी संघटनांना सांगितले की पावसाचे पाणी मुरवणारी किंवा मधमाश्या-फुलपाखरांसाठी लावलेली बाग केवळ हिरवळीसारखी दिसत नाही म्हणून अडवता येणार नाही.

आमच्या गल्लीत एका घराचे अंगण चार महिने माजले होते. जुन्या नियमाप्रमाणे त्या घराला दोन नोटिसा गेल्या होत्या आणि दोन्ही पत्रपेटीत तशाच पडून होत्या. तिसरी नोटीस देण्याऐवजी आम्हा दोघींना प्रत्यक्ष जाऊन या असे सांगण्यात आले. बऱ्याच वेळाने दार उघडले. त्या घरातल्या काकांना पक्षाघात झाला होता, मुलगा दूर होता आणि काकू त्यांना एकट्याने उचलून बसवत होत्या. काकूंनी पहिले वाक्य उच्चारले ते अंगणाबद्दल क्षमा मागणारे होते. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते, कारण त्या नोटिसांच्या तळाशी जी सही होती ती पाच जणांच्या समितीच्या वतीने केलेली होती. त्या शनिवारी आम्ही चौघांनी ते गवत कापले. नव्या नियमांत अंगणाविषयीची कोणतीही नोटीस काढण्याआधी समितीच्या एका सदस्याने त्या घरी जाऊन बोलावे, आणि ते बोलणे झाल्याची तारीख नोटिशीवर असावी, हे कलम सर्वांनी एकमताने मान्य केले. इतर सगळ्या कलमांवर मतभेद झाले होते.

नोटिशीत काय असावे हेही आम्ही ठरवले. मोजलेला आकडा, म्हणजे कुंपण किती उंच, गाडी पदपथावर किती सेंटिमीटर. कोणाला त्याचा त्रास होतो. दुरुस्तीला किमान तीस दिवसांची मुदत, आणि मोजमाप मान्य नसेल तर दुसऱ्या सदस्याकडून पुन्हा मोजून घेण्याचा हक्क. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवायचे की नाही, यावर अजून एकमत झालेले नाही. मला वाटते ते गुप्त असावे, कारण गल्लीत नावे उघड झाली की पदपथ बाजूला राहतो आणि माणसेच एकमेकांना अडवू लागतात. खोके आणणाऱ्या समितीतल्या काकांचे मत उलट आहे आणि त्यांच्याही म्हणण्यात वजन आहे. निनावी तक्रारींनी एखाद्याला छळता येते हे त्यांनी स्वतः अनुभवले आहे. पुढच्या बैठकीत यावर मत घ्यायचे आहे.

माझे कुंपण मी त्या रविवारनंतरच्या आठवड्यात टोकाकडून दोन-दोन मीटर कापले. कापलेल्या जागी आतली वाळकी खोडे उघडी पडली आणि काही महिने ते फार ओकेबोके दिसले. आता तिथे घोट्याएवढी फुलझाडे लावली आहेत. काकांनी आणलेले खोके मी गॅरेजमध्ये ठेवून घेतले आहे. वसाहतीत कोणी ड्राइव्हवेची परवानगी मागितली की आम्ही ते घेऊन जातो, पदपथाच्या मधोमध उभे करतो आणि घरमालकाला गाडीत बसायला सांगतो.